बाळू, पावसाच्या आत

सांगली, मेचा दुसरा आठवडा

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू म्हणालास, "अक्का, आता उरलेलं आयुष्य जपून बसायचं." त्यातलं 'जपून' मला पटलं, 'बसायचं' पटलं नाही. रात्रभर तो शब्द डोक्यात राहिला, म्हणून सकाळी लिहायला बसले. हे पत्र छापायला देतेय. अँजिओप्लास्टी होऊन वर्ष होत आलं तरी दिवाणखान्यातली खुर्ची न सोडणारी माणसं मला आता ओळखीच्या निम्म्या घरांत दिसतात. त्यांच्या घरच्यांनाही हे वाचता यावं, एवढंच.

सुरुवात आबांपासून करते, कारण तुझ्या छातीतली गोष्ट तिथूनच सुरू होते असं मला वाटतं. १९७९ चा श्रावण. तू चौदा वर्षांचा, मी अठराची. त्या आठवड्यात आईला, तुला, मला, सगळ्यांनाच ताप होता. आपण तिघं अंथरुणात आणि आबा, एसटीचे ड्रायव्हर, तुळशीचा काढा पिऊन गाडी घेऊन कोल्हापूरला. रजा काढायची त्यांना सवयच नव्हती. सहाव्या दिवशी संध्याकाळी आले ते उंबऱ्यावरच बसले. शर्ट घामानं भिजलेला, डावा हात उजव्या हातानं घट्ट धरलेला. तू अनवाणी टांगा आणायला पळालास. टांगा आला तेव्हा आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि आत्या रडायला लागली होती. ५१ वर्षांचे होते आबा.

आत्या शेवटपर्यंत म्हणायची, "माझा भाऊ तापानं गेला." मी तेव्हा नुकती नर्सिंगच्या ट्रेनिंगला लागलेली, चार शब्द नवे शिकलेली. दर वेळी तिला दुरुस्त करायचे, "आत्या, ताप नव्हे, हार्टअॅटॅक होता तो." ती गप्प व्हायची. तिचंही खरं होतं हे कळायला मला चाळीस वर्षं लागली, आणि तोवर ती राहिली नव्हती.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत फ्लू असल्याचं नक्की झालेल्या आणि त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षभरात हृदयविकाराच्या झटक्यानं इस्पितळात आलेल्या माणसांच्या नोंदी त्यांनी काढल्या. असे ३६४ झटके सापडले. मग पाहिलं, ते झटके कधी आले. फ्लूचं निदान झाल्यापासूनच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहा पट होतं. सहा पट, बाळू! आणि तुलना त्याच माणसाची त्याच माणसाशी होती. त्याची साखर तीच, रक्तदाब तोच, विडीकाडीची सवय तीच. वेगळा होता तो फक्त तापाचा आठवडा.

आता तुझा गेल्या ऑगस्टचा आठवडा आठव. कोथरूडमध्ये पावसाची झड लागलेली, तुला पाच दिवस ताप, खोकला, अंग मोडून आलेलं. सहाव्या रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, जबडा दुखू लागला. तू म्हणालास पित्त आहे, सुमननं थंड दूध दिलं. दोन तास तसेच गेले. ते दोन तास मला अजून झोपू देत नाहीत. तुझा तो ताप फ्लूचाच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, नाकातला नमुना कुणी घेतलाच नव्हता. पण बाप आणि लेक, दोघांचाही सहावाच दिवस. मी हा हिशेब विसरू शकत नाही.

हे घडतं कसं, ते मी जशी गावातल्या बायांना समजावायचे तसं सांगते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबी साठत जाते. तिच्यावर एक पातळ कवच असतं, दुधावर साय धरावी तसं. ते शाबूत असेल तर माणूस वीस-वीस वर्षं सुखात हिंडतो, त्याला पत्ताही नसतो. फ्लूसारखा जंतू शिरला की शरीर लढायला उठतं आणि ही लढाई फक्त नाका-घशात होत नाही, रक्तातून सगळीकडे दाह पसरतो. तो दाह त्या सायीलाही पोचतो, ती विरळ होते, कुठेतरी फाटते. फाटल्या जागी रक्त गोठतं, कारण तापात रक्ताची गोठण्याची ओढही वाढलेली असते. त्यात तापानं ठोके वाढलेले, म्हणजे हृदयाला प्राणवायू जास्त हवा, आणि नेमकी तेव्हाच नळी बंद होते. ताप हे निमित्त, असं आपण म्हणतो. पण एवढं सगळं करणाऱ्याला नुसतं निमित्त कसं म्हणायचं?

तुला इस्पितळातून घरी सोडलं तेव्हा तो कागद मी दोनदा वाचला होता. गोळ्या सात, मीठ कमी, तेल कमी, पुढची तपासणी कधी. फ्लूच्या लशीचं एक अक्षर नव्हतं. मी जन्मभर लशी टोचलेली बाई, माझ्याही तेव्हा ते लक्षात आलं नाही, याची मला लाज वाटते. नंतर वाचत गेले तेव्हा स्वीडनमधल्या ओरेब्रोच्या डॉक्टरांनी पुढाकार घेतलेली एक चाचणी हाती लागली. आठ देशांतले २,५७१ रुग्ण, त्यांत आपल्या शेजारच्या बांगलादेशातलेही होते. बहुतेक सगळे झटका येऊन नुकतेच दाखल झालेले. तीन दिवसांच्या आत निम्म्यांना फ्लूची लस दिली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. वर्षभरानं मोजलं. मिठाचं पाणी मिळालेल्यांत हृदयविकारानं गेलेले शंभरात साडेचार होते, लस मिळालेल्यांत २.७. कोरोनामुळे ती चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवावी लागली, तरी एवढा फरक दिसला. निकाल २०२१ साली जाहीर झाला. दंडात वर्षातून एकदा टोचायची सुई, आणि तिचा उपयोग इतका. तुझ्या सातपैकी एकही गोळी तू चुकवत नाहीस. मग ही का चुकावी?

तुझं उत्तर मला माहीत आहे, कारण ते तू मला व्हॉट्सअॅपवर पाठवलंस. "लशीनंच तर अॅटॅक येतायत." बाळू, ही भीती मी खोटी म्हणणार नाही. कोविडच्या लशींचे काही दुष्परिणाम खरोखर होते. आपल्याकडे सर्रास दिलेल्या लशीनं अगदी क्वचित कुणाच्या रक्तात गुठळ्या झाल्या, परदेशात दिलेल्या एका वेगळ्या जातीच्या लशीनं काही तरुण मुलांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली. हे झाकून मी तुझा विश्वास मिळवणार नाही. पण अचानक मरणाऱ्या तरुणांचं काय, हे आपल्या आयसीएमआरनं देशातल्या ४७ इस्पितळांच्या मदतीनं तपासलं आणि २०२३ मध्ये छापलं. १८ ते ४५ वयाचे, बाहेरून धडधाकट दिसणारे, आणि एकाएकी गेलेले ७२९ जण. त्यांच्या शेजारपाजारच्या जिवंत माणसांशी त्यांची तुलना केली. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: घरात कुणी असं अचानक गेलेलं असणं, कोविडनं इस्पितळात राहावं लागलेलं असणं, मरणाआधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू, आणि त्याच दोन दिवसांत अंगाबाहेरचे कष्ट. यातलं शेवटचं लक्षात ठेव, सायकलकडे येते तेव्हा त्याची गरज पडेल.

आणि फ्लूची लस ही काल आलेली गोष्ट नव्हे. जगात ती १९४० च्या दशकापासून दिली जाते. आपल्याकडे दंडात टोचतात त्या लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दर वर्षी नव्यानं बनते आणि दर वर्षी घ्यावी लागते. काही वर्षी ती नेमकी जुळते, काही वर्षी कमी. ती घेतली म्हणजे ताप येणारच नाही असं वचन मी देत नाही. अंगात बळ यायला तिला दोनेक आठवडे लागतात, आणि आपल्या भागात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. म्हणून मी मे महिन्यात तुझ्या मागे लागलेय. तू तर पुण्यात राहतोस. २००९ च्या ऑगस्टमध्ये, स्वाइन फ्लूच्या साथीत, नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, तोंडाला रुमाल बांधून हिंडणारं शहर तू पाहिलंयस. तेव्हा महिनाभर मला रोज फोन करायचास, "अक्का, काय करू?" आता मी सांगतेय तर ऐक. तू रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतोस हे टोचणाऱ्याला आधी सांग, आणि टोचल्यावर ती जागा दोन-तीन मिनिटं दाबून धर, चोळू नकोस. न्यूमोनियाची लसही तुझ्या डॉक्टरांना विचार. छातीतला संसर्ग हृदयावर किती ओझं टाकतो, ते मी वॉर्डात पाहिलंय.

मला लशींबद्दल एवढं बोलायचा हक्क आहे तो माझ्या सायकलमुळे. तुला आठवते ती काळी लेडीज सायकल? आरोग्य उपकेंद्रावर रुजू झाले त्या वर्षी तूच ती तेल-पाणी करून दिली होतीस. तिच्या कॅरियरला मी लशीचा डबा दोरीनं बांधायचे. डब्यात चार बर्फाचे पॅक. ते फ्रीझरमधून काढले की लगेच भरायचे नाहीत, थोडा घाम सुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाणी वाजलं की मगच. नाहीतर डीपीटीची लस गोठते, आणि गोठलेली डीपीटी टोचून उपयोग नाही. दोन ते आठ अंश, याच्या वर नाही, खाली नाही. तासगावकडच्या उन्हात, खडीच्या रस्त्यावर, पंक्चर झालं तर डब्यावर ओला टॉवेल टाकून ढकलत न्यायची. वस्तीवर पोचले की पोरं ओरडायची, "सुईवाली बाई आली!" आणि बाया दारं लावून घ्यायच्या. डीपीटीनं पोराला रात्री ताप येतो, मग सासू बोलते. मी त्यांच्या ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे, ताप का येतो ते सांगायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. त्याच वस्त्यांवर पुढे पल्स पोलिओचे रविवार केले. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या दिवशी मी त्या सायकलला हळद-कुंकू लावलं होतं.

निवृत्त होईपर्यंत मला ना बीपी, ना साखर. तेव्हा मी म्हणायचे नशीब. आता वाटतं, नशिबाला दोन चाकं होती.

याचाही धागा आबांपाशी जातो. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी तिथल्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच थरातले, सारख्याच पगाराच्या आसपासचे. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर दिवसभर जिना वरखाली करणारा, दिवसाला सहाशेच्या आसपास पायऱ्या. हृदयविकाराचा त्रास कंडक्टरांना कमी होत होता, आणि झालाच तर त्यातून ते जास्त तगत होते. १९५३ साली हे छापून आलं. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांत मांडणाऱ्या पहिल्या कामांपैकी ते एक. मॉरिस स्वतः व्यायाम करत राहिले आणि ९९ वर्षं जगले. आपल्या एसटीला जिना नाही, पण आबांच्या गाडीवरचे कंडक्टर काका आठव, उभ्या गर्दीतून तिकिटं फाडत फिरणारे. ते अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले. दोन माणसांवरून शास्त्र होत नाही हे मला कळतं. तरी मॉरिसबद्दल वाचताना मला ती दोघं एकाच गाडीतून उतरताना दिसली.

तुला वाटतं, झटका आलेल्यानं हलू नये. पूर्वी डॉक्टरही तसंच मानत, आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवत. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला तेव्हा पॉल डडली व्हाइट हे हृदयरोगतज्ज्ञ त्यांच्या उपचारासाठी गेले. त्यांनी अध्यक्षांना लवकर उठवून बसवलं, हळूहळू हिंडायला लावलं. पुढच्या वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडणूक जिंकले. व्हाइट स्वतः म्हातारपणापर्यंत सायकल चालवत आणि लोकांना चालवायला सांगत. बोस्टनला नदीकाठच्या सायकलमार्गाला त्यांचं नाव आहे. आज तर झटक्यानंतर देखरेखीखाली केलेला व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. त्यानं हृदयविकारानं मरण्याचा आणि पुन्हा इस्पितळात जाण्याचा धोका घटतो. निरोगी माणसांचं पाहायचं तर ग्लासगोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त नोकरदारांची माहिती मांडली. सायकलवर कामाला जाणाऱ्यांत हृदयविकार ४६ टक्क्यांनी कमी दिसला. सायकल चालवणारा माणूस इतर बाबतींतही काळजी घेणारा असू शकतो, म्हणून सगळं श्रेय चाकांना देता येत नाही. पण पायडल मारताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात, वाढलेल्या प्रवाहानं नळ्यांचं अस्तर त्यांना सैल करणारं द्रव्य सोडतं, रक्तदाब उतरतो, स्नायू साखर खातात, आणि काही महिन्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त टाकायला शिकतं. तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांवर भारही येत नाही.

आणि तू कोण होतास, आठव ना. तासाला चार आणे भाड्यानं मोठी सायकल आणायचास, सीटवरून पाय पुरायचे नाहीत म्हणून मधल्या नळीखालून पाय घालून, अर्ध्या पायडलवर, वाकडा होऊन. पडून कोपर सोललं तर आईला मी सांगू नये म्हणून मला चिंचा द्यायचास. हरिपूरच्या रस्त्यावरच्या चिंचा. विलिंग्डन कॉलेजला जायला लागलास तेव्हा मला डबलसीट घेऊन विश्रामबागेपर्यंत एका दमात. पोलीस दिसला की मी उडी मारून चालायला लागायचे. तो मुलगा खुर्चीत बसून पाय हलवायला घाबरतो, हे मला सहन होत नाही.

पण लगेच उठून चांदणी चौकाचा चढ चढायला जाऊ नकोस. अंगाबाहेरच्या कष्टांचं वर सांगितलंय ते यासाठी. आधी तुझ्या डॉक्टरांकडून स्ट्रेस टेस्ट करून घे, त्यांनी होकार दिला की आधी जागेवरची सायकल, दहा मिनिटं. मग पहाटे, गाड्या सुरू होण्याआधी, म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडचा डीपी रस्ता. सपाट आहे. पहिली पाच मिनिटं हळू, शेवटची पाच मिनिटं हळू, एकदम थांबून उतरायचं नाही, चक्कर येते. नाडी मोजत बसू नकोस, तुझी एक गोळी ठोके वाढूच देत नाही, आकडा फसवेल. बोलता यावं आणि गाता येऊ नये, एवढा वेग. तुला नाट्यगीतं येतात, तान घेता आली तर थोडा जोर वाढव, वाक्य पुरं होईना तर कमी कर. आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागले तरी चालतील. छाती दाटली, जबडा-हात दुखला, की तिथेच उतरायचं, बसायचं, खिशातली गोळी जिभेखाली ठेवायची. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८. थंड दूध नाही! आणि हेल्मेट. रक्त पातळ असलेल्या माणसाला डोक्याचा साधा मार साधा राहत नाही.

आणखी एक सांगायचंय. माझ्या नोकरीत डब्याइतकीच जपायची वस्तू म्हणजे रजिस्टर. गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची त्यात एक ओळ. डोस चुकला की चौकोन रिकामा राहायचा, आणि रिकामा चौकोन मला उन्हात बाहेर काढायचा. अशा मुलांना आम्ही 'गळालेली' म्हणायचो आणि त्यांच्या मागे लागायचो, शेतात जाऊन, ऊसतोडीच्या फडावर जाऊन. साठीच्या माणसाच्या फ्लूच्या लशीसाठी असं रजिस्टर कुणी घेऊन फिरत नाही. ती खिशातून घ्यायची, आपणच आठवणीनं घ्यायची. आबा गळाले. गेल्या वर्षी तूही गळालास, आणि मी बघत राहिले.

म्हणून परवा कापडपेठेतून एक लांब वही आणली. पट्टीनं रकाने आखले: नाव, वय, लस, तारीख, कोणता दंड. पुढे सायकलची मिनिटं, रविवार ते शनिवार. पहिली ओळ माझी आहे, सोमवारी सुई घेतली, डावा दंड, दीड दिवस दुखला, ताप नाही. दुसरी ओळ तुझी, नाव घालून ठेवलंय, पुढचे चौकोन रिकामे आहेत. तिसरी सुमनची, कारण घरात ताप आणणारं माणूस दुसरंही असू शकतं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येतेय. स्वारगेटला घ्यायला येऊ नकोस, मी रिक्षा करीन. सुमनला सांग, भडंग दोन किलो आणतेय. खाली पार्किंगमध्ये पोराची गिअरची सायकल धूळ खात पडलीय ना, ती पुसून ठेव आणि हवा भरून घे. सीटची उंची मी आल्यावर लावू.

तुझी,
अक्का